टोळधाडीचा माग कोण ठेवतो?

मे २०२० मधले ते दिवस वऱ्हाडातल्या लोकांच्या चांगले लक्षात आहेत. करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी होती, शाळा बंद होत्या, एस. टी. बंद होती. जिल्ह्याच्या हद्दी ओलांडायच्या तर परवाना लागे. आणि नेमक्या त्याच दिवसांत, कोणताही परवाना न घेता, सातपुडा ओलांडून एक पाहुणी अमरावती जिल्ह्यात उतरली. ती म्हणजे टोळधाड!

समजा, त्या वेळी तुम्ही गुरुकुंज मोझरीला होता. मोझरी हे तिवसा तालुक्यातले, अमरावती-नागपूर रस्त्यावरचे गाव. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये तेथे आश्रम स्थापन केला, तेव्हापासून ते सर्वांना ठाऊक आहे. मोझरीच्या उत्तरेला मोर्शी आणि वरुड हे संत्र्यांचे तालुके आहेत. बातमी आली ती तिकडूनच. कापसाची आणि तुरीची वावरे मे महिन्यात मोकळीच होती. पण संत्र्याच्या झाडांवर आंबिया बहाराची लहान फळे आणि हिरवा पाला होता. भाजीपाल्याचे वाफे होते. लोकांनी डबे आणि थाळ्या वाजवल्या, धूर केला. कृषिखात्याने फवारणी केली. टोळ वर्धा, नागपूर आणि पुढे भंडारा जिल्ह्यांकडे सरकले.

घरी आजी म्हणाली असेल, "माय वं, टोयधाड! लहानपणी आयकली होती." आणि तुमच्या मनात प्रश्न आला असेल, हे टोळ आले तरी कोठून? ते येणार हे आधी कोणाला ठाऊक होते का? ठाऊक असेल तर ते कोणी कोणाला सांगितले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कीटकशास्त्रात आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे मात्र पुस्तकातल्या कीटकशास्त्राबाहेर आहेत. ती शोधण्यासाठी आपल्याला जोधपूर, कराची, तेहरान आणि रोम असा प्रवास करावा लागेल.

एक कीटक, दोन स्वभाव

२०२० साली आलेला टोळ हा वाळवंटी टोळ होय. त्याचे शास्त्रीय नाव शिस्टोसर्का ग्रेगेरिया. तो नाकतोड्याच्याच गोतावळ्यातला. पण त्याच्या अंगी एक चमत्कारिक गुण आहे. एरवी हा कीटक वाळवंटात एकटा राहतो. दुसरा टोळ दिसला तर दूर सरतो. रात्री उडतो. त्याची पिल्ले आसपासच्या गवताच्या रंगाची असतात. अशा स्थितीत तो कोणाचे काही बिघडवीत नाही.

मग एखाद्या वर्षी वाळवंटात भरपूर पाऊस पडतो. ओल्या वाळूत मादी अंडी घालते, हिरवळ फुटते, पिल्लांची संख्या वाढते. काही आठवड्यांनी हिरवळ वाळू लागते आणि उरलेल्या थोड्या झुडपांवर सगळ्यांची दाटी होते. अंगाला अंग घासू लागते. या घासण्याने टोळाचा स्वभाव पालटतो! २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की मागच्या पायांना वारंवार स्पर्श होत राहिला तर टोळाच्या मज्जासंस्थेत सिरोटोनिन नावाचे द्रव्य वाढते आणि सुमारे दोन तासांत एकलकोंडा टोळ कळपप्रिय होतो. पिल्लांचा रंग काळा-पिवळा होतो. पंख फुटलेले तरुण टोळ गुलाबी दिसतात, अंडी घालण्याच्या वयात ते पिवळे होतात. आता ते दिवसा उडतात आणि हजारोंनी, कोटींनी एकत्र उडतात.

एकटा टोळ आणि कळपातला टोळ हे एकाच जातीचे दोन अवतार असू शकतात, हा विचार १९२१ मध्ये बोरिस उव्हारॉव्ह या शास्त्रज्ञाने टोळांच्या दुसऱ्या एका जातीवरून मांडला. त्यापूर्वी हे दोन वेगळे कीटक समजले जात. उव्हारॉव्हच्या शोधाने एक फार महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली. टोळधाड आकाशातून अचानक पडत नाही. ती कोठेतरी, कोणाच्या तरी वाळवंटात, हळूहळू तयार होते. म्हणजेच तेथे कोणी पाहत असेल तर ती आधी दिसू शकते.

थोडे गणित

आता कागद-पेन्सिल घ्या. पूर्ण वाढलेला टोळ सुमारे २ ग्रॅम वजनाचा असतो आणि रोज जवळजवळ आपल्या वजनाइतके खातो. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात निदान ४ कोटी टोळ असू शकतात. ४ कोटींना २ ग्रॅमने गुणा. उत्तर येते ८० टन! दहा टनी ट्रक असेल तर आठ ट्रक भरतील, इतका पाला एका दिवसात फस्त. तेवढ्या अन्नावर सुमारे ३५ हजार माणसांचे एका दिवसाचे पोट भरले असते.

वाढीचा हिशेब तर याहूनही भयंकर आहे. पाऊसपाणी अनुकूल असेल तर एका पिढीत, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत, टोळ वीसपट होतात. दुसऱ्या पिढीत २० गुणिले २०, म्हणजे ४०० पट. तिसऱ्या पिढीत ८,००० पट. नऊ महिन्यांत एकाचे आठ हजार!

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की टोळांचा बंदोबस्त करायचा तर पहिल्या पिढीतच करावा. तिसऱ्या पिढीला हात घालणे म्हणजे वणवा पेटल्यावर विहीर खणणे होय. दुसरा निष्कर्ष अधिक अवघड आहे. वाऱ्याच्या जोरावर थवा एका दिवसात १०० ते १५० किलोमीटर जाऊ शकतो. त्यामुळे पहिली पिढी ज्या देशात असते, त्या देशात तिसरी पिढी असेलच असे नाही. खर्च एकाने करायचा आणि पीक वाचायचे दुसऱ्याचे, असा हा व्यवहार आहे. मग तो व्हावा कसा?

एक खाते, मग दोन देश

१९२६ ते १९३१ या काळात हिंदुस्थानात टोळांचे मोठे सत्र झाले. त्यात निदान १० कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा सरकारी अंदाज आहे, आणि हे रुपये त्या काळचे होते. त्यानंतर १९३१ पासून रावबहादूर वाय. रामचंद्र राव यांच्या देखरेखीखाली वाळवंटी टोळांचे पद्धतशीर संशोधन सुरू झाले. बलुचिस्तानच्या किनाऱ्यापासून राजस्थानच्या वाळूपर्यंत टोळ कोठे वाढतात, वसंतात कोठे असतात, पावसाळ्यात कोठे जातात, याच्या नोंदी जमू लागल्या. या नोंदींतून एक वेळापत्रक दिसू लागले. हिवाळी आणि वासंतिक पावसावर टोळ इराण आणि बलुचिस्तानात वाढतात. तेथले रान वाळले की पूर्वेकडे येतात. मोसमी पावसावर थर आणि राजस्थानच्या वाळवंटात अंडी घालतात. शरदात नवी पिढी पुन्हा पश्चिमेकडे वळते.

या ज्ञानाच्या बळावर १९३९ मध्ये 'टोळ इशारा संघटना' स्थापन झाली. मुख्य कचेरी दिल्लीत आणि उपकेंद्र कराचीत. आठ वर्षांनी, १९४७ मध्ये, देशाची फाळणी झाली. कराची दुसऱ्या देशात गेली. टोळांची वासंतिक घरे सीमेपलीकडे आणि पावसाळी घरे दोन्ही बाजूंना, अशी स्थिती झाली. माणसांनी नकाशावर रेघ ओढली. टोळांचे वेळापत्रक मात्र तेच राहिले.

चार देशांचा आयोग

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या कुटुंबात अन्न व शेती संघटना स्थापन झाली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला एफ. ए. ओ. म्हणतात. तिचे मुख्य ठाणे रोमला आहे. या संघटनेच्या छत्राखाली १९६४ मध्ये नैर्ऋत्य आशियासाठी वाळवंटी टोळांचा आयोग स्थापन झाला. सभासद चार: अफगाणिस्तान, इराण, पाकिस्तान आणि भारत. पुढे अरबस्तान व पूर्व आफ्रिकेसाठी दुसरा आणि पश्चिम आफ्रिकेसाठी तिसरा आयोग झाला. पण या तिघांत थोरला भाऊ आपल्या बाजूचा.

आयोग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे एखादे मोठे सरकारी खाते येईल. तसे काही नाही. या आयोगाकडे फौज नाही, कर बसवण्याचा अधिकार नाही. "अमुक ठिकाणी फवारणी कराच" असा हुकूम तो कोणत्याही सरकारला देऊ शकत नाही. मग तो करतो तरी काय?

एक म्हणजे तो सर्वांना एकाच पद्धतीने मोजायला शिकवतो. इराणी निरीक्षकाने "खूप टोळ दिसले" असे लिहिले आणि भारतीय निरीक्षकाने "बरेच दिसले" असे लिहिले, तर दोन्हींतून काहीच कळत नाही. म्हणून किती क्षेत्र पाहिले, पिल्ले की पंखवाले, रंग कोणता, जमीन ओली की कोरडी, झुडपे हिरवी की वाळलेली, हे सारे एकाच नमुन्याच्या तक्त्यात भरायचे असते.

दुसरे म्हणजे तो ही माहिती सर्वांपुढे ठेवतो. तिसरे म्हणजे तो माणसे तयार करतो, त्यांच्यासाठी वर्ग घेतो. दर वसंतात इराण आणि पाकिस्तानचे निरीक्षक आपापल्या बलुचिस्तानात संयुक्त पाहणी करतात, तीही आयोगाच्या योजनेतून. आणि चौथे काम, जे वरकरणी किरकोळ वाटते: एरवी एकमेकांशी फारसे न बोलणाऱ्या देशांच्या तज्ज्ञांना तो एका टेबलाभोवती बसवतो.

हे चौथे काम किती कठीण आहे ते पाहा. आयोग स्थापन झाला १९६४ मध्ये आणि पुढच्याच वर्षी भारत-पाकिस्तान युद्ध झाले. १९७१ मध्ये पुन्हा झाले. इराण आणि अफगाणिस्तानातही पुढे क्रांती आणि युद्धे झाली. तरीही आयोग मोडला नाही. उलट १९७७ पासून एक नवी प्रथा पडली. जून ते नोव्हेंबर या टोळांच्या मोसमात दोन्ही देशांचे टोळ-अधिकारी सीमेवर भेटू लागले. भारताच्या बाजूला राजस्थानातील मुनाबाव, पाकिस्तानच्या बाजूला सिंधमधील खोखरापार. या भेटीत राजकारण नसते. कोणत्या भागात किती टोळ, अंडी केव्हा घातली, पिल्लांना पंख केव्हा फुटतील, एवढीच देवाणघेवाण. जोधपूर आणि कराची या कचेऱ्या मोसमात बिनतारी संदेशाने एकमेकींशी बोलत, हे ऐकून आज नवल वाटेल.

जैसलमेरची नोंद दिल्लीत कशी पोहोचते?

आता एका नोंदीचा प्रवास पाहू. भारताच्या टोळ इशारा संघटनेची बिकानेर, जैसलमेर, बाडमेर, भूज अशी दहा मंडल कार्यालये आहेत. त्यांचे निरीक्षक सुमारे २ लाख चौरस किलोमीटर वाळवंटी प्रदेशात गाडीने आणि पायी हिंडतात. पूर्वी कागदी तक्ते भरून पाठवत. आता हातातल्या लहान यंत्रात नोंद भरली की ती उपग्रहामार्गे जाते. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आपोआप लागतात.

ही नोंद राष्ट्रीय केंद्रात आणि तेथून रोमच्या टोळ माहिती केंद्रात पोहोचते. हे काम पूर्वी लंडनला चाले. उव्हारॉव्ह यांनीच तेथील टोळ संशोधन केंद्र नावारूपाला आणले होते. १९७८ मध्ये ही जबाबदारी रोमकडे आली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून भारतापर्यंत, टोळ शांत असतानाही जेथे राहतात, अशा सुमारे ३० देशांतून तेथे नोंदी येतात. त्यांना उपग्रहांनी टिपलेल्या पावसाची आणि हिरवळीची चित्रे जोडतात, वाऱ्याच्या दिशा जोडतात, जुन्या वर्षांच्या नोंदींशी ताडून पाहतात. मग दर महिन्याला एक पत्रिका निघते. तिच्यात 'काय आहे' आणि 'पुढे काय होईल' हे प्रत्येक देशासाठी थोडक्यात सांगितलेले असते. धोक्याच्या पायऱ्या रंगांनी दाखवतात: हिरवा म्हणजे शांतता, पिवळा म्हणजे सावध, नारिंगी म्हणजे धोका आणि लाल म्हणजे संकट.

रंग ठरवण्यापर्यंतचे काम संस्थेचे. पुढचे काम सरकारचे. रंग नारिंगी झाला तर किती गाड्या वाळवंटात पाठवायच्या, औषधाचा किती साठा करायचा, पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे, कोणत्या राज्याला सावध करायचे, हे दिल्ली ठरवते, तेहरान ठरवते, इस्लामाबाद ठरवते. यालाच धोरण म्हणतात. सल्ला देणारा वेगळा आणि निर्णय घेणारा वेगळा. वैद्याने नाडी पाहून पथ्य सांगावे. पाळायचे की नाही ते घरच्यांनी ठरवावे, तसेच हे.

अशा संस्था केवळ टोळांसाठीच नाहीत. युरोपीय संघातील २७ देशांसाठी इटलीतील पार्मा शहरात २००२ मध्ये स्थापन झालेली अन्नसुरक्षा संस्था आहे. एखादे औषध फळावर किती उरले तर अपायकारक ठरेल, हे तिचे शास्त्रज्ञ तपासून सांगतात. कायदा मात्र ती करीत नाही. पर्यावरणासाठी कोपनहेगनला अशीच एक संस्था आहे. सगळ्यांची रीत एकच. एकेका देशाला एकट्याने जे दिसत नाही ते सर्वांच्या वतीने पाहणे, आणि जे दिसले ते लपवून न ठेवता निर्णय घेणाऱ्यांपुढे मांडणे.

२०२० ची कहाणी

आता मोर्शीत उतरलेल्या त्या थव्याकडे परत येऊ. त्याची गोष्ट दोन वर्षे आधी सुरू होते. मे २०१८ मध्ये 'मेकुनू' आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये 'लुबान' अशी दोन चक्रीवादळे अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर धडकली. 'रब अल् खाली' म्हणजे 'रिकामा प्रदेश' नावाच्या अफाट वाळवंटात पाऊस पडला, वाळूत तळी साचली. तेथे माणूस नाही, रस्ता नाही, निरीक्षक पोहोचत नाही. टोळांच्या तीन पिढ्या कोणाच्याही नजरेस न पडता वाढल्या. मघाचे गणित आठवा: ८,००० पट!

२०१९ च्या आरंभी थवे बाहेर पडले. काही इराणकडे गेले, काही येमेनमध्ये. येमेनमध्ये युद्ध चालू होते. तेथे पाहणी आणि बंदोबस्त नीट होऊ शकला नाही. तेथून पूर्व आफ्रिकेचे मोठे संकट उभे राहिले. इराणच्या बाजूने आलेले टोळ २०१९ च्या उन्हाळ्यापासून राजस्थानात आणि गुजरातेत शिरले. त्या हिवाळ्यात तेथल्या रबी पिकांचे नुकसान झाले. २०२० च्या आरंभी पाकिस्तानने राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली.

वसंतात इराण आणि बलुचिस्तानात नवी पिढी वाढली आणि एप्रिल-मे मध्ये गुलाबी रंगाचे तरुण थवे भारतात येऊ लागले. एरवी ते राजस्थानातच थांबतात. पण पाऊस यायला वेळ होता, वाळवंट कोरडे होते आणि पश्चिमेचा वारा जोरात होता. अन्नाच्या शोधात ते वाऱ्याबरोबर पुढे निघाले. जयपूर शहरावरून गेले, मध्य प्रदेशात शिरले आणि तेथून आपल्याकडे आले.

सीमेवरची भेट त्या वर्षी साथीमुळे होणे शक्य नव्हते. मग चारही देशांचे तज्ज्ञ एफ. ए. ओ. च्या मध्यस्थीने दर आठवड्याला संगणकाच्या पडद्यावर भेटू लागले. भारत आणि पाकिस्तान यांचे इतर बोलणे जवळपास बंद होते. टोळांचे बोलणे मात्र चालू राहिले. भारताने इराणला २५ टन मॅलॅथिऑन हे कीटकनाशक पाठवले. हा परोपकार खरा, पण त्यात शहाणपणही होते. इराणमध्ये मेलेला टोळ राजस्थानात अंडी घालत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस रोमने एक अंदाज वर्तवला. तो असा: जुलैपर्यंत राजस्थानात थव्यांच्या लाटा येत राहतील, काही थवे उत्तर भारतातून पूर्वेला बिहार-ओरिसापर्यंत जातील आणि मोसमी वारे सुरू झाले की परत राजस्थानकडे वळतील. पुढे झाले काय? जूनच्या अखेरीस थवे दिल्लीजवळच्या गुरुग्रामवरून गेले, बिहारपर्यंत पोहोचले आणि पावसाळ्यात राजस्थानकडे परतले. हा अंदाज हाती असल्यामुळे, परतणाऱ्या टोळांनी अंडी घालायच्या जागी माणसे आणि यंत्रे सज्ज ठेवता आली. ब्रिटनमधून नवी फवारणी यंत्रे मागवण्यात आली. ड्रोन वापरण्यात आले. उंच झाडांवर रात्री बसलेल्या टोळांपर्यंत पोहोचण्यास त्यांचा उपयोग झाला. २०२० च्या खरिपाचे मोठे नुकसान टळले.

मग टोळ मोर्शीपर्यंत आलेच कसे?

हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा. इतकी यंत्रणा होती, तर थवा आमच्या संत्र्यांवर कसा बसला?

याची कारणे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजेत. पहिले कारण म्हणजे ही साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच मजबूत असते. जेथून नोंदच येत नाही, तेथे रोमचा नकाशा कोरा राहतो, आणि कोरा नकाशा म्हणजे शांतता नव्हे. रिकाम्या प्रदेशात नेमके हेच घडले. दुसरे कारण असे, की रोमहून प्रदेश सांगता येतो, तालुका सांगता येत नाही. थवा उद्या मोर्शीच्या बगीच्यात बसेल की काटोलच्या, हे वारा ठरवतो. शेवटच्या मैलाची बातमी गावातूनच यावी लागते. कोतवालाने तलाठ्याला, कृषि-सहायकाने तालुक्याला सांगावे लागते.

तिसरे कारण माणसांच्या स्वभावात आहे. सरकारी आकडे पाहा. १९२६-३१ च्या सत्रात नुकसान १० कोटी रुपये. १९४९-५५ मध्ये २ कोटी. १९५९-६२ मध्ये ५० लाख. १९७८ मध्ये २ लाख. १९९३ मध्ये ७ लाखांच्या आसपास. रुपयाची किंमत मधल्या काळात घसरत गेली हे लक्षात घेतले तर ही घट आणखीच मोठी दिसेल. सगळेच श्रेय इशारा-यंत्रणेचे नाही, निसर्गाचाही त्यात वाटा आहे. पण यंत्रणेचा वाटा मोठा आहे. गंमत अशी, की यंत्रणा जितकी चांगली चालते तितकी ती निरुपयोगी वाटू लागते! वर्षानुवर्षे टोळ आले नाहीत की लोक विचारतात, या खात्यावर पैसे कशाला खर्चायचे? रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, गाड्या जुन्या होतात. मग एखादे चक्रीवादळ येते.

एक गोष्ट आणखी सांगायला हवी. फवारलेले औषध टोळांनाच मारते असे नाही. मधमाशा, पक्षी आणि फवारणारा माणूस यांनाही ते अपाय करू शकते. म्हणूनच कोणते औषध, हेक्टरी किती, गावापासून किती अंतरावर, हेही तज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरावे लागते. पिल्लांच्या अवस्थेतच टोळ सापडले तर थोड्या जागेत, थोड्या औषधात काम भागते. वेळेवर मिळालेली माहिती हे सर्वांत निर्धोक औषध आहे, असे म्हणायला हरकत नाही.

करून पाहा

ही सारी यंत्रणा कशी चालते हे समजून घेण्याचा एक सोपा प्रयोग आहे. तुमच्या गावातील किंवा शेजारच्या गावांतील चार मित्र निवडा. प्रत्येकाने आपल्या घराजवळचे एक झाड किंवा वावराचा एक कोपरा ठरवावा आणि पंधरा दिवस रोज संध्याकाळी तेथे दिसणाऱ्या नाकतोड्यांची नोंद वहीत करावी. पहिला आठवडा ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे लिहावे. आठवड्याने वह्या एकत्र आणून चौघांचा मिळून एक नकाशा काढायचा प्रयत्न करा. तो निघणार नाही! एकाने सकाळी पाहिले असेल, एकाने "पुष्कळ" असे लिहिले असेल, एकाने रंग लिहिला नसेल.

मग चौघांनी बसून एकच तक्ता ठरवा: वेळ, जागा, दहा पावलांत दिसलेले नाकतोडे, पंख आहेत की नाहीत, रंग, पाऊस पडला का, गवत हिरवे की वाळलेले. दुसरा आठवडा या तक्त्याप्रमाणे नोंदी करा. आता नकाशा निघेल, आणि पुढच्या आठवड्यात नाकतोडे कोणत्या बाजूला वाढतील याचा थोडासा अंदाजही बांधता येईल.

आणखी एक गोष्ट करा. चौघांपैकी एकाने एक दिवस मुद्दाम नोंद करू नये आणि वहीत चक्क शून्य लिहावे. बाकीच्यांनी त्यावरून अंदाज बांधावा आणि तो किती चुकतो ते पाहावे. 'पाहिले आणि काही नव्हते' आणि 'पाहिलेच नाही' यांत किती अंतर आहे, हे तुम्हाला त्या दिवशी कळेल. २०१८ साली अरबस्तानच्या वाळवंटात पडलेले हेच अंतर दीड वर्षाने मोर्शीच्या संत्र्यांवर येऊन बसले होते.